ओंबीखालचं पान

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या चुलतभावानं एक फोटो टाकला. गव्हाचं पान, त्यावर विटकरी ठिपके, आणि पानावरून फिरवलेल्या अंगठ्याला लागलेली नारिंगी भुकटी. खाली एवढंच लिहिलेलं, "तांबेरा आलाय. औषध मारू का?" तांबेरा म्हणजे गव्हावरची बुरशी.

मी तेव्हा अमेरिकेत, मिनेसोटातल्या क्रुकस्टनमध्ये, इंजिन गोठू नये म्हणून लावलेला गाडीचा प्लग काढून आत बसले होते. बाहेर उणे 26. कामावर, म्हणजे धान्याच्या एलेव्हेटरवर (कोठारावर), पोचून कोट काढेपर्यंत ग्रुपवर साठ मेसेज पडले होते. कृषी सेवा केंद्रात बसणाऱ्या आमच्या एका भावानं लिहिलं होतं, "प्रोपिकोनॅझोल मार, जोडीला टॉनिक घे, दाणा फुगतो." आणि शाळेतून निवृत्त झालेल्या काकांनी त्यावर लांबलचक उत्तर दिलं होतं. त्यातली दोन वाक्यं माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत: "गव्हाला औषध मारायची शिकवण अमेरिकेची. आपल्या आजोबांनी कधी पंप पाठीला लावला होता काय?" त्याखाली सतरा जणांचे अंगठे.

मला राग आला. काका अमेरिकेला बोलले म्हणून थोडा आला, हे कबूल करते. पण खरा राग आला तो या गोष्टीचा, की साठ मेसेजात एकानंही त्या पोराला विचारलं नव्हतं की गहू किती दिवसांचा आहे. द्राक्षाच्या बाबतीत हीच माणसं असं कधी वागत नाहीत. पलूस-तासगावकडच्या कुठल्याही बागायतदाराला मध्यरात्री उठवून विचारा. ऑक्टोबर छाटणीपासून आज कितवा दिवस, काल भुरीला काय मारलं, डाउनीला काय मारलं, काढणीआधी किती दिवस हात आखडायचा, सगळं तोंडपाठ असतं. माल युरोपात जायचा असतो, उर्वरित अंश तपासला जातो. तोच माणूस बांध ओलांडून गव्हात शिरला की बागेत उरलेलं औषध पंपात ओततो आणि म्हणतो, मारून टाकू, वाया कशाला घालवायचं.

मी तीन प्रश्न लिहिले. पेरा कधीचा? वाण कुठला? ओंबीखालचं पान कसं आहे? दोन तासांनी उत्तर आलं. पेरा 8 नोव्हेंबरचा, वाण लोक-1, वरचं पान हिरवं, खालच्या दोन पानांवर ठिपके. मग मी त्याला म्हटलं, एक ओंबी सोल, दाणा नखानं दाब. चीक येतो का?

"न्हाई आक्का. पीठ झालंय."

मग मारू नको, मी लिहिलं.

वाद खरं तर तिथेच संपायला हवा होता. गव्हाच्या दाण्यात जे भरतं, त्यातलं बरंचसं ओंबीखालचं ते शेवटचं पान आणि ओंबी स्वतः कमावते. खालची पानं तोवर म्हातारी झालेली असतात. म्हणून गहू पोटरीत असताना, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना, किंवा निसवताना, म्हणजे ती बाहेर पडताना, त्या पानावर तांबेरा चढायला लागला, तर औषधाचा पैसा वसूल होतो. त्यातही औषध पडलेला डाग परत हिरवा करत नाही, उरलेलं हिरवं राखतं. दाण्याचं पीठ झाल्यावर राखायचं काय? एका फोडातून उडालेली भुकटी नवा फोड आणायला आठ-दहा दिवस घेते. तेवढ्यात सांगलीचं ऊन वर चढतं, पान आपणहून पिवळं पडायला लागतं, आणि गहू विळ्याला येतो. चुलतभावाचा गहू त्या दिवशी 96 दिवसांचा होता.

हिशेबही सोपा आहे. औषध, पंपवाल्याची मजुरी मिळून एकरी आठशे रुपये तो म्हणाला. 2025-26 च्या रब्बी खरेदी हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2425 रुपये धरला, तर फवारा फिटायला एकरी 33 किलो गहू जास्त यायला हवा. पिठाळ झालेल्या दाण्यातून तो कुठून येणार? शिवाय गव्हातून चालणारा माणूस किती ओंब्या तुडवतो, ते धरलेलंच नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर काकांचा एका ओळीचा मेसेज आला. "तुमच्या तिकडे मात्र फुलोऱ्यात मारता."

हो, मारतो. ते मी लपवत नाही. जुलैच्या चार तारखेच्या पुढेमागे इथला वसंती गहू फुलोऱ्यात येतो, आणि त्या आठवड्यात सकाळी कौंटी रोडवरून जाताना विमानं इतकी खाली येतात की मान आपोआप आत जाते. पण ते तांबेऱ्यासाठी नसतं, निदान मुख्यतः नसतं. इथला शत्रू ओंबीत शिरतो. फ्युजॅरियम नावाची बुरशी. फुलोऱ्यात पाऊस आणि धुकं मिळालं की अर्धी ओंबी अवेळी पांढरी पडते, कडेला गुलाबी छटा येते, आणि आत दाणे खडूसारखे, फुंकर मारली तर उडतील असे. 1993 साली रेड रिव्हर खोऱ्यात त्यानं जे केलं, ते इथले म्हातारे शेतकरी अजून आवाज खाली आणून सांगतात. नुसता उतार पडला तर माणूस सोसतो. पण या बुरशीनं दाण्यात व्होमिटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि माणसाच्या खाण्यातल्या तयार पदार्थांत ते 1 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या, वर नसावं, असं इथल्या सरकारचं सांगणं आहे.

ते मोजणं माझं काम आहे. ऑगस्टमध्ये ट्रक काट्यावर येतो, प्रोब खाली जातो, नमुना माझ्या टेबलावर येतो. दळायचा, गाळायचा, पट्टी बुडवायची, थांबायचं. काचेपलीकडे शेतकरी टोपी हातात धरून उभा असतो. आकडा 2 च्या वर गेला की भाव कापायला सुरुवात होते. मी तो आकडा कागदावर लिहिते तेव्हा त्याच्याकडे बघत नाही. अशा माणसाला कुणी 'विष मारणारा' म्हटलं की माझ्याच घरच्या माणसाला कुणी बोलल्यासारखं मला लागतं. तो डोळे झाकून मारत नाही. रोज सकाळी हवामानावरून काढलेला धोक्याचा नकाशा बघतो, मुख्य फुटव्याच्या ओंबीवर पिवळे तुरे लोंबायला लागले का ते रानात गुडघ्यावर बसून बघतो. ते दिसल्यापासून आठवडाभराचीच मुदत असते. टेब्युकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या डब्यावर काढणीआधी 30 दिवस लिहिलेलं असतं, ते पाळतो. स्ट्रोबिल्युरिन गटातलं औषध ओंबी बाहेर पडल्यावर मारत नाही, कारण त्यानं व्होमिटॉक्सिन वाढायची भीती असते. नकाशा कोरडा असेल तर पैसे खिशात ठेवतो. आणि आपल्याकडे? आपल्याकडे बागेतलं उरलेलं जोडऔषध, ज्यात बरेचदा स्ट्रोबिल्युरिन असतं, ते पीठ झालेल्या दाण्यावर, कापणीला वीस दिवस असताना, घरच्या चपातीच्या गव्हावर. विकायचा गहू आपला असतोच कुठे? सगळा घरच्याच डब्यात जातो. काका, विषाची काळजी असेल तर बोट इथे ठेवा.

आणि आजोबांचं. आजोबांनी पंप लावला नाही हे खरं, पण ते पेरत होते खपली गहू. कृष्णाकाठच्या त्या काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात तीच यायची. आजी ती उखळात कांडायची, टरफल निघायचं नाही म्हणून चिडायची, आणि खीर मात्र तिचीच करायची. ही खपली कुठे भेटावी? मिनेसोटात. 1922 साली स्टॅकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी काळ्या, म्हणजे खोडावरच्या, तांबेऱ्याच्या जाती ओळखायची पद्धत लावून दिली, आणि त्यासाठी पुढे वर्षानुवर्षं जे बारा गहू वापरले गेले त्यांच्या यादीत शेवटचं नाव खपलीचं आहे. रोमन लिपीत, पण नाव तेच, भाषांतर न केलेलं. इथल्या तांबेऱ्याच्या बहुतेक जातींना दाद न देणारा गहू म्हणून ती त्या यादीत बसली. मी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच होते, आणि मोठ्यानं म्हटलं, आगं बया.

तेव्हा आजोबांचा नियम हवा असेल तर आजोबांचं बी पेरा. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीतून आलेला लोक-1 चपातीला गोड, दाणा टपोरा, म्हणून लोक सोडत नाहीत, ते मला कळतं. पण तो तांबेऱ्याला बळी पडतो. तांबेरा काही अमेरिकेनं धाडलेला नाही. वनस्पतिरोगांचे अभ्यासक के. सी. मेहता यांनी स्वातंत्र्याच्या आधीच दाखवून दिलं होतं की आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो मैदानात जळून जातो, निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरात टिकतो, आणि तिथून वाऱ्यानं पुन्हा उतरतो. 1946-47 साली मध्य भारतातला गहू काळ्या तांबेऱ्यानं बसवला, तेव्हा कुणाकडे औषध नव्हतं. पीक हातचं गेलं तर त्याला परंपरा म्हणायचं का? आणि याच तांबेऱ्यासाठी आपल्या शेजारी, सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे; गेरवा म्हणजे तांबेराच. नव्या वाणांवर तिथे मुद्दाम तांबेरा पाडून त्यांची परीक्षा घेतात. आमच्या गावातून महाबळेश्वरला न गेलेलं माणूस सापडणार नाही, आणि हे केंद्र बघितलेलं माणूसही. स्ट्रॉबेरी खाऊन सगळे परत. त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे वाण असल्या परीक्षांतूनच पुढे आले. बी बदलायला आठशे रुपयांचा फवारा लागत नाही.

इथवर मी ग्रुपवर लिहिलं होतं. काका गप्प झाले. पुढचं मी ग्रुपवर लिहिलं नाही.

2022 च्या जानेवारीत माझ्या सख्ख्या भावानं मला फोन केला होता. ऊस गेल्यावर उशिरा पेरलेला तीस गुंठे गहू, नुकताच निसवलेला. "आक्का, काही मारायचं का?" मी एका क्षणात सांगितलं, फुलोऱ्यात मार. नोझल पुढे कलता कसा धरायचा, त्याचा व्हिडिओसुद्धा पाठवला. पान कसं आहे ते विचारलं नाही. तांबेरा आहे का, विचारलं नाही. माझ्या डोक्यात जुलै चालू होता, रेड रिव्हरवरचं धुकं चालू होतं. सांगलीच्या जानेवारीअखेर कोरड्या हवेत ते फ्युजॅरियम कुठून येणार होतं? भावानं दहा पंप मारले. शेवटचा पंप पुरला नाही, म्हणून बांधाकडेची पट्टी तशीच राहिली. आमचा भाऊ मुळात चिकट. कापणीला त्यानं मारलेल्यातला एक गुंठा आणि त्या पट्टीतला एक गुंठा वेगळा बांधला, ताडपत्रीवर वेगवेगळा झोडपला, आणि काट्यावर टाकला. मारलेला 41 किलो. न मारलेला साडेचाळीस.

"अर्धा किलो," एवढंच तो फोनवर म्हणाला. एकरी 20 किलो, आणि काट्याची चूक धरली तर तेवढेही नाहीत. माझ्या शब्दावर त्यानं ते पैसे घातले होते. मी लगेच सारवासारव करायला लागले. म्हटलं, अरे, आपल्याकडे फुलोऱ्यात मारतातच, न मारून चालत नाही.

"कुणाकडं?" त्यानं विचारलं.

मी पोक कौंटीबद्दल, म्हणजे क्रुकस्टनबद्दल, बोलत होते. तोंडातून 'आपल्याकडे' निघालं होतं.

तो हसला नाही, टोचलंही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. फेब्रुवारीत कुठल्या आठवड्यात आमच्या रानात दुपारचं ऊन मानेला चटका द्यायला लागतं, हे मला एके काळी अंगानं कळायचं. आता मला ते विचारावं लागतं. वीस वर्षांत मी इथला जुलै शिकले आणि तिथला फेब्रुवारी विसरले, आणि विसरल्याचं मला तोवर माहीतही नव्हतं. काका 'तुमच्या तिकडे' म्हणाले तेव्हा मी जी इतकी उसळले, ती बुरशीनाशकाच्या बाजूनं उसळले नव्हते. तीन प्रश्न विचारायची अक्कल मला पुस्तकानं दिली नाही, त्या अर्ध्या किलोनं दिली. हे मी काकांना सांगायला हवं होतं. तुमच्या आठवणीतला गहू आणि माझ्या टेबलावरचा गहू, दोन्ही त्या पोराच्या रानात नव्हते, असं. त्यांच्या वयाच्या माणसाला ग्रुपवर पुरावे देत बसले.

भाऊ तेव्हापासून दरवर्षी बांधाकडेची ती पट्टी मुद्दाम सोडतो. कधी मारावं लागलं तरी सोडतो. तिला तो 'आक्काची पट्टी' म्हणतो, आणि पोरांनाही तसंच सांगतो.

चुलतभावानं औषध मारलं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोटो आला, मळणी मशिनच्या तोंडाशी पोती, धुळीनं त्याच्या भुवया पांढऱ्या. वजन त्यानं लिहिलं नव्हतं, मीही विचारलं नाही. खाली प्रश्न होता, "आक्का, तुमच्यात पेरा कधी?"

मी लिहिलं, अजून दोन महिने. जमीन गोठलेली आहे. मग काकांना फोन लावला.