छोट्या टीम कशाला ठेवतात म्हणे!

आज टाळकं सरकलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना फुटबॉलचं वावडं आहे त्यांनी सरळ खाली सरकावं.

संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाउसात पडद्यावर इटलीतली मॅच लावली होती. एका बाजूला तोरिनोचा (ट्यूरिन) बडा क्लब यूव्हेंटस, दुसरीकडे एक बारकी टीम. आमच्यातले एक गृहस्थ, अंगात महागडी काळी-पांढरी जर्सी, चकली मोडत म्हणाले, "ह्या खेड्यापाड्यातल्या टीम लीगमध्ये ठेवतातच कशाला? मोठ्या आठ-दहांचीच लीग करा की!" सगळे हसले. त्यांचं एक वेळ सोडा, पण आजूबाजूच्या माना डोलल्या त्या बघून मी उठून घरी आलो.

अहो, सात वेळा इटलीचं विजेतेपद मारलेल्या गावाचं नाव तरी ऐकलंय का तुम्ही? वेर्चेल्ली. क्लबचं नाव प्रो वेर्चेल्ली. १९०८, १९०९, १९११, १९१२, १९१३, १९२१, १९२२. रोमा आणि लाझिओ, राजधानीतले दोन्ही क्लब मिळून पाच होतात. ह्या एकट्या गावाची सात.

मी कामानिमित्त तोरिनोला राहायचो तेव्हा मिलानची गाडी धरली की वाटेत हे स्टेशन लागायचं. बाहेर नुसती भाताची खाचरं. एप्रिल-मेमध्ये पाणी सोडलं की गाडी तळ्यातून चालल्यासारखी वाटते. इटलीतल्या तांदळाचं हे मुख्य गाव, वस्ती ५० हजारांच्या आत. एका रविवारी उतरलो, स्टेडियमजवळच्या बारमध्ये कॉफी प्यायला शिरलो. शेजारी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा पेपर वाचत बसलेले. "टीम कुठली?" मी छाती पुढं काढून सांगितलं, इंटर, म्हणजे मिलानचा बडा क्लब. (तेव्हाही इंटरचाच होतो, आजही आहे, शिव्या नंतर घाला.) आजोबांनी पेपर तोंडासमोर धरला. बोलणं बंद. बऱ्याच वेळानं पेपराआडून आवाज आला, "दहा-तीन!"

ही भानगड १९१० ची. आजोबांचा तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता.

त्या वर्षी इंटर आणि प्रो वेर्चेल्लीचे गुण सारखे झाले, म्हणून निर्णायक मॅच ठरली. तारीख २४ एप्रिल. वेर्चेल्लीचे काही खेळाडू नेमके त्याच दिवशी लष्करी स्पर्धेत अडकलेले. तारीख बदला म्हणून क्लबनं मागणी केली, ती मान्य झाली नाही. मग वेर्चेल्लीकरांनी काय करावं? मोठी टीम बाजूला ठेवली आणि दहा ते पंधरा वयाची पोरं मैदानात उतरवली! इंटरनं दहा मारले, पोरांनी तीन. आमच्या इंटरचं पहिलं विजेतेपद ते हे. पोरांनी इंटरला तीन मारले हे आजोबांनी मला टेबलावर बोट आपटून, दर गोलला एकदा, असं सांगितलं.

नाक कापलं गेलं म्हणून फेडरेशननं क्लबवरच बंदी घातली. पुढं माफी झाली, पण १५ मे १९१० ला इटलीची टीम पहिल्यांदा देशासाठी उतरली तेव्हा तिच्यात वेर्चेल्लीचा एकही माणूस नव्हता. देशातली सर्वांत तगडी पोरं घरी. तीनच वर्षांनी, १ मे १९१३ ला तोरिनोमध्ये बेल्जियमशी मॅच झाली तेव्हा इटलीच्या अकरांत नऊ जण वेर्चेल्लीचे! नऊ! आणि जिंकून देणारा एकमेव गोलही त्यांच्याच ग्वीदो आराचा. करा आठ-दहांची लीग.

बरं, हा क्लब काही पैसेवाल्यानं हौसेखातर काढलेला नाही. १८९२ ची ती व्यायामशाळा, जिम्नॅस्टिक्स आणि तलवारबाजीची. पेठेतल्या आपल्या मंडळींना सांगायला नको, तालमीतून फुटबॉल कसा बाहेर पडतो ते. वेर्चेल्लीत १९०३ मध्ये तो सुरू केला मार्चेल्लो बेर्तिनेत्ती नावाच्या तलवारबाजानं. ह्या माणसानं पुढं १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीची सांघिक सुवर्णपदकं आणली, आणि वर डॉक्टरही होता. खुन्नसही अगदी आपल्यासारखी. वेर्चेल्लीचा शर्ट पांढरा म्हणून शेजारच्या कझालेनं मुद्दाम काळा घेतला, छातीवर पांढरा तारा लावला आणि १९१४ ला विजेतेपद उचललं. हे कझाले वेर्चेल्लीहूनही लहान गाव. कळलं का, चकलीवाले?

हो, १९०८ ला परदेशी खेळाडूंना मज्जाव झाला म्हणून जेनोआ, मिलान, तोरिनो हे क्लब रुसून बाहेर बसले होते. मान्य. पण १९११ ला तर सगळे होते ना मैदानात?

आता खरी दुखरी जागा. ही गावं संपली कशी? त्यांचा खेळ काही एका रात्रीत बिघडला नाही. पोरं नेली त्यांची. १९२३ मध्ये वेर्चेल्लीचा वीर्जीनियो रोझेत्ता यूव्हेंटसला गेला. तेव्हा फुटबॉल कागदोपत्री हौशी, पण रक्कम बोलली गेली ५० हजार लिराच्या आसपास. मोठा तंटा झाला, त्याला खेळवलं म्हणून यूव्हेंटसचे जिंकलेले सामने काढून घेतले, पण रोझेत्ता राहिला तिथंच. त्याच वर्षी यूव्हेंटस क्लब आन्येल्ली घराण्याच्या हातात आला होता, म्हणजे मागं अख्खी फियाट. भाताचं गाव मोटारीच्या कारखान्यापुढं किती टिकणार? रोझेत्तानं चार पैसे बघितले ह्यात त्याचं काही चुकलं नाही, मीही पगारासाठीच तोरिनोला गेलो होतो. पण मग त्या जर्सीचा माज करताना पोर कुणाचं होतं एवढं तरी ठाऊक असू द्या!

आणि वेर्चेल्लीचाच पिओला. सिल्व्हियो पिओला. बारमधल्या आजोबांचा आवाज इथं एकदम मऊ झाला. त्यांच्या वडिलांनी त्याला खेळताना पाहिलेलं. २९ ऑक्टोबर १९३३, फिओरेंतिनाविरुद्ध ७-२, त्यातले सहा एकट्या पिओलाचे. पुढच्या वर्षी तो लाझिओनं नेला, आणि १९३५ ला प्रो वेर्चेल्ली वरच्या लीगमधून खाली आली, ती पुन्हा वर गेली नाही. पिओलानं १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल मारले. सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, सर्वाधिक गोलांचा विक्रम आजही त्याचाच, २७४. स्टेडियमलाही आता त्याचंच नाव आहे. आजोबा हे सगळं सांगत होते आणि मला मान वर करवत नव्हती, कारण गळ्यात इंटरचा मफलर.

हे फक्त इटलीपुरतंही नाही. १९१४ मध्ये तोरिनो क्लब आणि प्रो वेर्चेल्ली ह्या टीम ब्राझीलच्या दौऱ्यावर गेल्या, त्यांचा खेळ बघून साओ पाउलोतल्या इटालियन लोकांनी स्वतःचा क्लब काढला. तोच आजचा पाल्मेइरास. आमच्या क्लबहाउसात पाल्मेइरास सगळ्यांना माहीत आहे हो.

२०१० मध्ये तर क्लब बंदच पडला होता. शेवटी गावातल्याच दुसऱ्या क्लबनं नाव पुढं चालवलं. दोनच वर्षांत, २०१२ ला, ६४ वर्षांनी सेरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये पोचले. कागदावर बघाल तर हा मूळ क्लब नव्हे असं वाद घालणारे म्हणतील. घालू देत. पांढरा शर्ट तोच, मैदान तेच, "दहा-तीन" म्हणणारे आजोबाही तेच.

आता लिहिता लिहिता राग जरा निवलाय. त्या गृहस्थांशी उद्या लिफ्टमध्ये गाठ पडणारच आहे, हसून नमस्कारही करीन. पण ती आठ-दहांची लीग झालीच, तर मी बघणार नाही, इंटर त्यात असली तरी. प्रो वेर्चेल्ली सध्या सेरी सी त, म्हणजे तिसऱ्या पायरीवर आहे. कुणाला एखादी मॅच बघायची असेल तर कॉमेंटमध्ये सांगा. लॅपटॉप माझा, चहा तुमचा. चकल्या आणू नका.