सुट्टीतही सातचा गजर

सुट्टीवर जाऊनही सकाळी सातला फोन हातात घेऊन बसायचं, याचा मला मनापासून संताप येतो. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्ड या करमणूक पार्कमध्ये १९९९ मध्ये फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळून राइडमध्ये बसायची सोय, आला तेव्हा तो फुकट होता. राइडपाशी जायचं, मशीनमधून कागद घ्यायचा, दिलेल्या वेळेत परत यायचं, बस्स. २०२१ पासून याच सोयीला पैसे पडतात. आणि २०२४ पासून तर डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३ दिवस आधी, सकाळी सातपासून फोनवर राइडच्या वेळा घेऊन ठेवता येतात. अहो, पुढच्या मंगळवारी अकरा वाजता पोराला कशात बसावंसं वाटेल, हे आईबापांना आज कसं कळणार?

मग फिरणं उरतच नाही. मिरवणूक दिसली म्हणून थांबणं नाही, सावलीत टेकून निवांत आइस्क्रीम खाणं नाही. बाबागाडी ढकलत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पळापळ, कारण वेळ हुकेल! ज्यांनी काहीच घेतलेलं नाही, ते साध्या रांगेत तास-तास उभे, आणि शेजारून माणसं भराभर आत. त्या उभ्या लेकरांना काय सांगायचं?