लायसन्स बदलून मिळतं, पण कुणाला?

परदेशात राहायला जाणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्याकडेच तो तीन ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘लायसन्सचं टेन्शन सोडा, निघण्याआधी आंतरराष्ट्रीय परमिट काढा, ते जगभर चालतं. लायसन्स इंग्रजीत असेल तर तिकडे परीक्षा नाही, नुसतं बदलून मिळतं. तिकडे जुन्या लायसन्सवर चालवायची मुदत संपत आलीच तर चार दिवस देशाबाहेर जाऊन या, ती नव्याने सुरू होते. जुनं लायसन्स जमा करून घेतात, म्हणून आधीच हरवल्याची तक्रार देऊन दुसरी प्रत काढून ठेवा. आणि युरोपातल्या एका देशाचं लायसन्स हातात पडलं की सगळा युरोप आपला.’

पाच वाक्यं आणि पाच थापा, असं म्हणायचा मोह होतो. पण यातल्या काही वाक्यांत अर्धं सत्य आहे, आणि माणूस फसतो तो त्या अर्ध्यामुळेच.

परमिटपासून सुरुवात करू. आंतरराष्ट्रीय परमिट हे लायसन्स नव्हेच. ते तुमच्या मूळ लायसन्सचं ठरावीक नमुन्यातलं भाषांतर आहे. मूळ कार्ड सोबत नसेल तर ते नुसतं पुस्तक. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलं परमिट एक वर्ष चालतं. १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलं फार तर तीन वर्षं, तेही मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपली नाही तर. आणि ‘जगभर’? चीनच्या मुख्य भूमीवर ते चालतच नाही. जपान फक्त १९४९ च्या नमुन्यातलं मानतो. (नेटवर ‘दहा वर्षांचं आंतरराष्ट्रीय लायसन्स’ विकणारे भेटतात. दोन्ही करारांत असली चीज नाही. पैसे वाचवा.)

पण खरी गोम पुढेच आहे. हे करार पाहुण्यांसाठी आहेत. व्हिएन्ना कराराच्या ४१ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की ज्याने आपलं नेहमीचं वास्तव्य एखाद्या देशात हलवलं, त्याचं दुसऱ्या देशातलं लायसन्स किंवा परमिट मानायला तो देश बांधील नाही. म्हणजे तुम्ही घर भाड्याने घेतलंत, नोंदणी केलीत, की पाहुणे राहिला नाहीत, आणि खिशातल्या परमिटचे काही महिने उरले असले तरी प्रश्न तुमच्या नव्या देशाच्या कायद्याचा होतो. तो प्रत्येकाचा वेगळा. जुन्या लायसन्सवर चालवायला जर्मनी सहा महिने देतो, ब्रिटन बारा, स्वीडन एक वर्ष. कॅनडातल्या ऑन्टारियोत ६० दिवस. अमेरिकेत देशाचं असं लायसन्सच नाही, राज्यांचं आहे: न्यूयॉर्कमध्ये रहिवासी झाल्यापासून ३० दिवसांत, कॅलिफोर्नियात १० दिवसांत स्थानिक लायसन्स घ्यायला हवं. दहा दिवसांत अनेकांचं सामानही उघडून होत नाही.

आता इंग्रजीचा मुद्दा. लायसन्स बदलून देताना तुमची भाषा बघतात, किंवा तुमचा हात किती सफाईदार आहे ते बघतात, हा भ्रम आहे. बघतात ती यादी. दोन सरकारांनी एकमेकांच्या परीक्षेवर विश्वास ठेवला असेल तर नाव यादीत असतं, नाही तर नसतं. जपानी किंवा कोरियन लिपीतलं कार्ड, भाषांतर जोडून, जर्मनीत परीक्षेविना बदलून मिळतं. ब्रिटनच्या यादीतही हे दोन्ही देश आहेत. इंग्रजीत छापलेलं भारतीय कार्ड मात्र दोन्ही याद्यांत बसत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अमेरिकेतल्या काही राज्यांना जर्मनी पूर्ण सूट देतो, काहींना फक्त लेखी परीक्षा लावतो. एकाच देशातले दोन शेजारी, आणि दोघांचं नशीब वेगळं! यादीत नाव असलं तरी मुदत असते: ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून पाच वर्षांत बदलून घ्यावं लागतं, फ्रान्समध्ये साधारण एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

इथलं अर्धं सत्य असं की अनुभव अगदीच वाया जात नाही. जर्मनीत यादीबाहेरच्या माणसाला नवशिक्याला लागणारे सक्तीचे तास माफ असतात. पण परीक्षा माफ नसते, आणि ती स्वतःच्या गाडीत देता येत नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, शेजारी शिक्षक, मागच्या सीटवर परीक्षक. सक्ती नसली तरी तास घ्या, हे मी ठेच लागल्यावर सांगतोय. सोळा वर्षं गाडी चालवून मी त्या गाडीत बसलो आणि बाविसाव्या मिनिटाला परीक्षा संपली. लहान रस्ता, चौकात ना पाटी ना सिग्नल. अशा ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग आपला रस्ता कितीही सरळ आणि रुंद दिसो. मला तो नियम पाठ होता. लेखी परीक्षेत त्यावरचा प्रश्न बरोबर सोडवला होता. पण पाय वेगळं शिकलेला होता. उजवीकडून गाडी आली, माझ्या आधी शिक्षकाने ब्रेक दाबला, आणि शिक्षकाने ब्रेक दाबणं म्हणजे निकाल. वळण्याआधी मान मागे वळवून खांद्यावरून बघणं, ही दुसरी गोष्ट. आरशात बघून भागतं असं जुना हात म्हणतो. मागून आलेला सायकलवाला आरशात दिसत नाही. नवशिक्याला फक्त शिकायचं असतं, आपल्याला आधी विसरायचं असतं.

जपानचं उदाहरणही बघा, कारण ‘तिकडे तर सोपं आहे’ असं त्याच्याबद्दल फार बोललं जायचं. परदेशी लायसन्स बदलताना दहा प्रश्न असत, सात बरोबर आले की झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास प्रश्न आणि नव्वद टक्के गुण. वास्तव्याचा दाखलाही हवा, म्हणजे पर्यटक म्हणून येऊन बदलून नेणं बंद. शिवाय लायसन्स मिळाल्यावर ते देणाऱ्या देशात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा मागतात, ही जुनीच अट.

‘बाहेर जाऊन या’ हे तिसरं वाक्य व्हिसाच्या गप्पांतून इथे घुसलंय. पर्यटकाची मुदत प्रवेशावर मोजली जाऊ शकते, रहिवाशाची वास्तव्यावर. पासपोर्टवर नवा शिक्का बसल्याने घराचा पत्ता बदलत नाही. जर्मनीत एक खरी सवलत आहे: आपण एक वर्षाहून जास्त राहणार नाही हे दाखवता आलं तर सहा महिन्यांची मुदत वाढवून मिळते. पण ती अर्ज करून, विमानाने नव्हे. आणि मुदत उलटल्यावर चालवलंत तर तो तिथे साधा दंड नाही, विनालायसन्स गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देऊन तुमच्या मागे लागू शकते.

हरवल्याची खोटी तक्रार? ती सरकारला दिलेली खोटी माहिती आहे, आणखी काय सांगायचं. जमा केलेलं कार्ड बऱ्याचदा मूळ देशाकडे परत पाठवतात, त्यामुळे ‘हरवलेलं’ कार्ड तिथे टपालाने हजर होतं. निघण्याआधी काढायचंच असेल तर वेगळं काढा: लायसन्स कधीपासून आहे आणि कुठल्या वर्गाचं आहे हे सांगणारं अधिकृत पत्र. ऑन्टारियोत एक वर्षापलीकडचा अनुभव मोजून घ्यायला असं पत्र लागतं. गिअरची गाडी चालवून परीक्षा दिली असेल तर तेही लिहून घ्या. काही देशांचं लायसन्स बदलताना ब्रिटन तसा पुरावा नसेल तर फक्त ऑटोमॅटिकचं कार्ड देतो.

उरला ‘सगळा युरोप’. युरोपीय संघात परीक्षा देऊन मिळवलेलं लायसन्स दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेल्यावर मानलं जातं, हे खरं. पण संघाबाहेरचं लायसन्स बदलून मिळालेलं असेल तर नव्या कार्डावर ७० हा कोड छापतात, पुढे मूळ देशाचं सांकेतिक चिन्ह. २००६ च्या युरोपीय निर्देशानुसार असं कार्ड घेऊन तुम्ही दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेलात तर ते मानायचं की नाही हे तो देश ठरवू शकतो. कार्ड उलटं करा. मागच्या बाजूला १२ क्रमांकाच्या रकान्यात ७० दिसला, तर पुढच्या देशात सामान हलवण्याआधी तिथल्या कार्यालयाला विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.