डाएटसाठी दही घेताना डबी उलटी करून बघा

चार महिने मी रोज दुपारी चारला स्ट्रॉबेरी योगर्टची एक डबी खात होते. झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘लो फॅट’. ऑफिसात बाकीचे काहीतरी तळलेलं मागवायचे तेव्हा मी ड्रॉवरमधला चमचा काढायचे आणि निग्रहाने ती डबी संपवायचे. वजन पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं आणि तिथेच अडकलं. पुढचे तीन महिने मी स्वतःलाच बोल लावत राहिले. चालणं वाढवलं, रात्रीचं जेवण आणखी कमी केलं. त्या डबीवर संशय घ्यायचं मनातही आलं नाही, कारण माझ्या दिवसातली तीच एक वस्तू खास ‘डाएटची’ म्हणून आणलेली होती.

शेवटी आहारतज्ज्ञांकडे गेले. दिवसभरात काय काय खाता ते त्या लिहून घेत होत्या. दह्यापाशी थांबल्या.

“कोणतं दही?”

“लो फॅट, मॅडम.”

“पुढच्या वेळी डबी घेऊन या. रिकामी चालेल, लेबल तेवढं शाबूत हवं.”

पुढच्या वेळी त्यांनी ती डबी उलटी करून माझ्या हातात दिली आणि पेन पुढे केलं. १५० ग्रॅमची डबी. १०० ग्रॅममागे साखर १४ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या डबीत २१. यातली सगळी वरून घातलेली नसते, हे त्यांनी आधीच सांगितलं. दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज. विरजण लागताना जिवाणू त्यातली काही खाऊन तिचं लॅक्टिक आम्ल करतात, पण बरीचशी शिल्लक राहते. साध्या, काहीही न मिसळलेल्या दह्यातसुद्धा १०० ग्रॅमला साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर दिसते ती हीच. तेवढी वजा केली तर माझ्या डबीत वरची साखर राहिली १४ ग्रॅमच्या आसपास. चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅमची धरली, तर साडेतीन चमचे. एवढी साखर मी चहात कधीच घातली नसती.

आता स्निग्धांशाचा हिशोब बघा, कारण मला सगळ्यात जास्त तोच लागला. साय न काढलेल्या दुधाच्या साध्या दह्यात १०० ग्रॅममागे स्निग्धांश असतो सव्वातीन-साडेतीन ग्रॅम. लो फॅटमध्ये दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १५० ग्रॅमच्या डबीत फरक पडला जेमतेम ३ ग्रॅमचा. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे वाचल्या पंचवीस-सत्तावीस कॅलरी. आणि वरून घातलेल्या १४ ग्रॅम साखरेच्या झाल्या ५६. एका बाजूने सत्तावीस काढल्या, दुसऱ्या बाजूने छप्पन्न घातल्या आणि झाकणावर फक्त काढल्याची बातमी छापली. छापलेलं खोटं नव्हतं, पण माझ्या उपयोगाचंही नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझं वजन त्या ५६ कॅलरींमुळे अडकलं असं मी म्हणणार नाही. खरं नुकसान संध्याकाळी सहाला व्हायचं. त्या डबीत प्रथिनं होती जेमतेम ६ ग्रॅम. गोड खाल्ल्याचं समाधान अर्धा-पाऊण तास टिकायचं आणि घरी पोहोचेपर्यंत पुन्हा पोटात खड्डा पडलेला असायचा. मग स्वयंपाक होईपर्यंत उभ्या उभ्या जे तोंडात जायचं, त्याची मी कधी मोजदादच केली नाही. डाएटमध्ये दह्याचं खरं काम पुढच्या जेवणापर्यंत आपल्याला नीट पोचवणं हे आहे. जे दही ते करत नाही त्याच्या कॅलरी कितीही कमी असोत, मला ते नको.

म्हणून हल्ली मी प्रथिनं आधी बघते. साध्या दह्यात १०० ग्रॅमला साडेतीन ग्रॅमच्या आसपास. दूध पावडर घालून घट्ट केलेल्या लो फॅट दह्यात ५ पर्यंत जातात. आणि पाणी गाळून काढलेल्या, म्हणजे ग्रीक योगर्ट नावाने मिळणाऱ्या दह्यात ९ ते १०. ग्रीक योगर्टमध्ये जादू काहीच नाही. दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी गळून जातं आणि घट्ट भाग मागे उरतो, एवढंच. गळणाऱ्या पाण्याबरोबर थोडं लॅक्टोज जातं, म्हणून त्यात साखर थोडी कमी दिसते. थोडं कॅल्शियमही जातं, ही त्यातली उणी बाजू. घरी साधं दही रात्रभर फ्रिजमध्ये गाळत ठेवलं तरी हेच मिळतं. गळालेलं पाणी मी कणीक भिजवायला किंवा सूपमध्ये वापरते.

मात्र ‘ग्रीक’ आणि ‘ग्रीक स्टाइल’ यांत गफलत होते आणि माझीही झाली. काही डब्यांत दही गाळलेलंच नसतं, स्टार्च किंवा जिलेटिन घालून दाट केलेलं असतं. चमच्यावर दोन्ही सारखीच उभी राहतात. ओळखायचं कसं, तर प्रथिनांचा आकडा वाचून. १०० ग्रॅमला ४ असेल तर ते दही गाळलेलं नाही, नाव काहीही असो. (जिलेटिन प्राण्यांपासून काढतात. शाकाहारी मंडळींनी घटकांची यादी त्यासाठीही वाचावी.) आणि गाळलेलं दही पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाचं असेल तर स्निग्धांशही एकवटतो. १०० ग्रॅमला ५ ग्रॅम ठीक आहे, पण १० ग्रॅमचंही मिळतं. त्याच्या १५० ग्रॅममध्ये नुसत्या स्निग्धांशाच्या १३५ कॅलरी होतात. चव अप्रतिम असते, मान्य. ते दोन-तीन चमचे खायचं, वाडगाभर नाही.

मग स्निग्धांशाला घाबरायचं की नाही? माझं मत असं: साध्या दह्यातल्या साडेतीन ग्रॅमला अजिबात नाही. त्याने पोट भरल्यासारखं वाटतं आणि चव येते, म्हणून साखरेची गरज कमी भासते. दुधातल्या स्निग्धांशातला सुमारे दोन तृतीयांश भाग संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवू शकणारा असतो हे खरं. त्यामुळे ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी स्निग्धांशाचं घ्यावं. पण तेसुद्धा बिनसाखरेचंच.

२०११ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. १ लाख २० हजारांहून जास्त लोकांचा आहार आणि वजन वर्षानुवर्षं नोंदवलेलं होतं. कोणता पदार्थ रोज एक वाढणी जास्त खाल्ला की दर ४ वर्षांत वजन किती बदलतं, हे त्यात तपासलं होतं. बटाट्याच्या चिप्सबरोबर वजन वाढलेलं दिसलं आणि योगर्टबरोबर ते थोडं कमी झालेलं दिसलं, ४ वर्षांत सुमारे ३७० ग्रॅम. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत. दही खाणारे लोक इतर बाबतीतही काळजी घेणारे असू शकतात. मी हा आकडा दुसऱ्याच कारणासाठी सांगते आहे: ४ वर्षांत ३७० ग्रॅम. दह्याने वजन उतरतं असं जेव्हा कुणी छातीठोकपणे सांगतं, तेव्हा हा आकडा आठवावा. दही चांगली सोबत करतं. वजन उतरवणं हे एकट्या दह्याचं काम नाही.

साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, सरबतं, फळांचे रस या सगळ्यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आणखी बरं. हे ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. दुधातलं लॅक्टोज यात धरत नाहीत. माझी ती एक डबी २५ पैकी १४ घेऊन जात होती, आणि त्या दिवसाचा चहा अजून व्हायचाच होता.

लेबलवर साखर वेगवेगळ्या नावांनी बसलेली असते. ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज, इन्व्हर्ट सिरप, मध, फळांच्या रसाचा अर्क. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून दुधानंतर लगेच साखर किंवा सिरप आलं तर डबी परत ठेवावी. ‘फळांचं’ म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा फळ थोडं आणि फळाचा गोड पाक जास्त असतो. एक अपवाद लक्षात ठेवा: दूध पावडर घातलेल्या दह्यात साखरेचा आकडा १०० ग्रॅमला ६-७ ग्रॅमपर्यंत दिसतो आणि तरी त्यात वरची साखर काहीच नसते, कारण पावडरबरोबर लॅक्टोजही वाढतं. म्हणून नुसत्या आकड्यावरून निकाल देऊ नका, यादीही वाचा.

‘शुगर फ्री’ गोड दह्यांचा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. त्यात कृत्रिम गोडी असते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशी बिनसाखरेची गोडी वापरू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं. माझा स्वतःचा आक्षेप साधा आहे. त्याने जिभेची गोडाची सवय सुटत नाही. मला साधं दही आवडायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात पिकलेलं केळं कुस्करून घालायचे, मग अर्धं केळं, मग नुसत्या सफरचंदाच्या फोडी. आज ती जुनी स्ट्रॉबेरीची डबी तोंडात धरवत नाही, इतकी गोड लागते. मी मुद्दाम एकदा खाऊन पाहिली.

जिवाणूंबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत योगर्ट म्हणवून घ्यायला दोन ठरावीक जिवाणू लागतात, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, आणि एका ग्रॅममध्ये विरजणाचे किमान १ कोटी जिवाणू असावे लागतात. दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं अशा अनेकांना दही चालतं ते यांच्यामुळे, कारण लॅक्टोज पचवायला हे जिवाणू मदत करतात. पण दही लागल्यानंतर ते जास्त टिकावं म्हणून पुन्हा तापवलं असेल तर जिवाणू मरतात. म्हणून लेबलवर ‘लाइव्ह कल्चर’ (जिवंत विरजण) असं काही लिहिलेलं आहे का ते बघायचं. फ्रिजबाहेर महिनोन्महिने राहणाऱ्या डबीकडून ही अपेक्षा ठेवू नका. ‘प्रोबायोटिक’ (पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू असलेलं) या शब्दासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही, निदान वजनासाठी तरी नाही.

सोया, नारळ, बदाम यांच्या दह्यांबद्दल माझा अनुभव कमी आहे. एवढं मात्र लेबलांवरून दिसतं की प्रथिनांत सोयाचंच काय ते दुधाच्या दह्याच्या जवळ जातं. नारळाच्यात प्रथिनं नगण्य आणि संपृक्त स्निग्धांश भरपूर. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर प्रश्नच नाही, पण ‘वनस्पतीजन्य आहे म्हणजे हलकं’ असं धरून चालू नका.

आणि ग्रॅनोला, म्हणजे ओट्स आणि सुकामेवा गोड करून भाजलेलं मिश्रण! चांगलं, साधं दही निवडून वर मूठभर गोड ग्रॅनोला ओतला तर केलेली सगळी निवड वाया जाते. मी चारच बदाम चिरून घालते, नाहीतर चमचाभर जवसाची पूड. बऱ्याचदा गोड काहीच नको वाटतं, तेव्हा काकडी, मीठ आणि मिरपूड.

आता चारच्या सुमाराला मी १५० ग्रॅम गाळलेलं साधं दही खाते. प्रथिनं १३-१४ ग्रॅम. घरी पोहोचते तेव्हा भूक असते, पण तिची घाई नसते. वजन पुन्हा हळूहळू उतरू लागलं आहे. त्याचं सगळं श्रेय दह्याला देणार नाही, उभ्या उभ्या खाणं थांबलं त्याला देईन. पण ते थांबलं या दह्यामुळे.

माझ्या धाकट्या बहिणीनेही गेल्या महिन्यापासून डाएट सुरू केलंय. परवा दुकानातूनच तिचा फोन.

“ताई, इथे सतरा प्रकार आहेत. एकावर ‘फिट’ लिहिलंय, एकावर ‘लाइट’. कोणतं घेऊ?”

“वरचं वाचू नकोस. उलटी कर. प्रथिनं किती?”

“नऊ.”

“साखर?”

“तीन पूर्णांक आठ.”

“घटक वाच बघू सगळे.”

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, “दूध आणि विरजण. झालं. एवढंच लिहिलंय.”

“घे ते. दोन घे.”