अळवावरची शाई

आषाढी एकादशी चार दिवसांवर आली होती आणि आमच्या घरात उपवासाची भाजणी मांसाहारी झाली.

आई डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरातून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला विकते. आधी ओळखीपाळखीत, मग सोसायटीत, मग व्हॉट्सॲपवर. पिशवीवर ती आपल्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी लिहून चिकटवायची आणि कोणाचं काही अडत नव्हतं. यंदा रीतसर नोंदणी झाली. म्हणजे लेबलवर घटक आले, वजन आलं, तारीख आली, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा, १४ आकडी क्रमांक आला आणि हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आला.

"बाहेर छापायला कशाला द्यायचं? घरात प्रिंटर आहे, इंजिनीअर आहे," आई म्हणाली. मी मेकॅनिकलचा आहे हे तिला मी गेली बावीस वर्षं सांगतोय. तिच्या लेखी इंजिनीअर म्हणजे मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळ्याचा डॉक्टर.

मी मसजिद बंदरला उतरलो, अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेलो आणि चकचकीत स्टिकर पेपर मागितला. दुकानदाराने विचारलं, "प्रिंटर कौनसा है?" मी ऐटीत सांगितलं, "कलर." त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या गर्दीकडे पाहिलं आणि ५० शीटचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. पुढचे दोन दिवस कशामुळे गेले ते या एका शब्दात आलं, पण तेव्हा ते कळायला डोकं लागलं असतं.

पहिलं शीट बाहेर आलं आणि घरात आनंदीआनंद झाला. कुंकवाच्या रंगात 'उपवासाची भाजणी', खाली साबुदाणा, वरई, राजगिरा, जिरे. बायकोने फोटो काढला. मी कौतुकाने अक्षरांवरून बोट फिरवलं.

'उपवासाची'तला 'उ' माझ्या बोटाबरोबर चालायला लागला. वाटेत त्याने 'प'ला घेतलं, दोघं मिळून खाली उतरले आणि हिरव्या ठिपक्यावर जाऊन बसले. हिरव्यावर लाल चढलं की काय होतं हे चित्रकलेच्या तासाला शिकलो होतो. ठिपका तपकिरी झाला.

"हे नॉनव्हेजचं झालं," बायको म्हणाली.

"मांसाहाराची खूण आता त्रिकोणी असते. हा गोल आहे," मी म्हणालो. कायद्याने माझी बाजू भक्कम होती. आईने फक्त देव्हाऱ्यातल्या विठोबाकडे पाहिलं.

प्रिंटर बिघडला की सगळे जे करतात ते मीही केलं. हेड क्लीनिंग. एकदा करून भागलं नाही म्हणून तीनदा. प्रिंटर घशात काहीतरी अडकल्यासारखा खाकरला, खोकला, आणि टाकीतली शाई डोळ्यांदेखत खाली गेली. ही शाई कागदावर येतच नाही. प्रिंटरच्या पोटात एक बोळा असतो, तो ती पिऊन बसतो. बरं, हेड क्लीनिंग असतं ते नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, तुंबले, छपाईत पांढऱ्या रेघा आल्या तर. माझी शाई उतरत होती, नको तितकी उतरत होती. जुलाब झालेल्या माणसाला मी एरंडेल पाजत होतो.

मग वाटलं, हवा दमट आहे, वाळायला वेळ लागत असेल. जुलैतली डोंबिवली. चादरी तीन दिवस दोरीवर आणि तरी वास. स्टिकर पंख्याखाली पसरले आणि रात्रभर ठेवले. घरात भाजणीची धान्यं भाजून एका खोलीत पसरलेली, स्टिकर दुसऱ्या खोलीत, आणि आम्ही बाल्कनीच्या दारात. सकाळी धान्य कुरकुरीत, शाई ओलीच.

हेअर ड्रायरही मारला. गरम हवेने शीटच्या कडा पापडासारख्या वळल्या. ती मी दाबून सपाट केली आणि उरलेल्या अर्ध्या भागावर छापायला पुन्हा प्रिंटरमध्ये घातली. डिंक ढिला झाला होता. एक स्टिकर आत सुटला आणि रोलरला जाऊन चिकटला. अर्धा तास मी मोबाइलचा टॉर्च दातात धरून, बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने 'वरई, राजगिरा' एवढा मजकूर खरवडून काढत होतो. त्यानंतर निघालेल्या प्रत्येक कागदावर, अगदी मुलाच्या शाळेच्या अर्जावरही, दर चार बोटांवर 'जिरे' असं फिकट उमटत राहिलं.

वाट बघण्याच्या त्या तासांत मी इंकजेटचा, म्हणजे आमच्यासारख्या शाईचे थेंब उडवणाऱ्या प्रिंटरचा, इतिहासही वाचून काढला. जपानमध्ये कॅनन कंपनीत इचिरो एंडो नावाचे इंजिनीअर होते. १९७७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न चुकून टेकलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. त्या अपघातातून बबल जेट प्रिंटर जन्माला आला. मी हे आईला भक्तिभावाने सांगितलं.

"तापल्यावर मोहरी उडते, त्यातलंच," ती म्हणाली, आणि शीट उजेडाकडे धरलं. मग ओट्यावरच्या पाण्यात बोट बुडवून एक थेंब तिने कोऱ्या शीटवर सोडला. थेंब पसरला नाही, मुरला नाही. गोल, टुमटुमीत, खिडकीचं प्रतिबिंब पोटात घेऊन उभा राहिला. शीट तिरकं केल्यावर घरंगळत गेला आणि मागे ओलसर रेघसुद्धा ठेवली नाही.

"अळवावरचं पाणी," आई म्हणाली. "शाई बसणार कुठे? सारवलेल्या अंगणात रांगोळी धरते. तू घातल्येस गुळगुळीत फरशीवर."

मी पाकीट उलटं केलं. खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, एकच शब्द होता: लेझर.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, पूड असते. ती उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवतात, त्यामुळे कागदाने काही प्यायची गरजच नसते. इंकजेटची शाई बहुतांशी पाणी. थेंब काही पिकोलिटरचा, म्हणजे लिटरचे लाख कोटी भाग केले तर त्यातले मोजके, पण असे असंख्य थेंब पडतात आणि ते कुठेतरी मुरावे लागतात. इंकजेटच्या चकचकीत कागदावर त्यासाठी सूक्ष्म छिद्रांचा लेप दिलेला असतो. दुकानदाराने नेमकं तेच विचारलं होतं. मी 'कलर' म्हणालो होतो.

संध्याकाळी डोंबिवलीतच इंकजेटची शीटं मिळाली, २० चं पाकीट. आईने दुकानातच बोट ओलं करून कोपऱ्याला लावलं, चिकट लागलं तेव्हा मान डोलावली. दुकानदार "मावशी, मावशी" करत राहिला.

रंग आता बोटाला येईनात. पण काळी अक्षरं अजून फरपटत होती. आमच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये रंगीत शाया विरघळलेल्या रंगाच्या आणि काळी तेवढी पिगमेंटची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक भुकटीची. साध्या कागदावर ती उत्तम, चकचकीत कागदावर मात्र ती आत शिरत नाही, वरच बसून राहते काजळासारखी. आणि सेटिंगमध्ये मी दोन दिवस 'प्लेन पेपर'च ठेवलं होतं, कारण तिथे आधीपासून तेच होतं. 'ग्लॉसी फोटो पेपर' केल्यावर प्रिंटरने काळ्या शाईला हातच लावला नाही. निळा, गुलाबी, पिवळा मिसळून काळा केला. १४ आकडे जागच्या जागी राहिले. एकेक शीट घातलं, एकावर एक पडू दिलं नाही, रात्रभर वाळवलं आणि वरून पारदर्शक फिल्म लावली, कारण आई पिशव्या भरते ते ओल्या हाताने.

एकादशीच्या आदल्या दिवशी भाजणी गेली. शाकाहारी.

उरलेली लेझरची ३८ शीटं परत करायला मसजिद बंदरला जायची माझी हिंमत नव्हती. आईने ती मसाल्याच्या कपाटात फळ्यांवर चिकटवली. हळद सांडली तर ओल्या फडक्याने एका हातात निघते. मग तिने चार पट्ट्या कापल्या, मुलाचा परमनंट मार्कर घेतला, त्यावर आपल्या टपोऱ्या अक्षरात 'धने', 'जिरे', 'तीळ', 'खसखस' लिहिलं आणि बरण्यांना लावलं.

"बघ," म्हणाली, आणि 'जिरे'वरून बोट फिरवून मला दाखवलं. कोरडं.