‘बारावीनंतर कॉलेज सोडा, गेमिंग धरा’ या सल्ल्याला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: प्रो गेमर व्हायचं असेल तर बारावीनंतर कॉलेजचा नाद सोडा. बुघा या अमेरिकी गेमरने सोळाव्या वर्षी तीस लाख डॉलर जिंकले, दक्षिण कोरियाचा गेमर फेकर शाळा सोडून जगज्जेता झाला. भारतात सरकारने ईस्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली आहे, बक्षिसं कोटींत आहेत. रोज बारा तास ग्राइंड (सतत सराव) केल्याशिवाय कोणी प्रो होत नाही, म्हणून दोन्ही डगरींवर हात ठेवून चालत नाही. आणि डिग्री काय, नंतर कधीही करता येते.

मी पदवीच्या वर्गांना शिकवतो. माझे विद्यार्थी हा मजकूर पाठवून विचारतात, ‘सर, खरं आहे ना हे?’ गेमिंग म्हणजे वेळेची नासाडी, असं मी मानत नाही. चांगला आयजीएल, म्हणजे खेळताना संघाला सूचना देणारा कर्णधार, एका सामन्यात जितके निर्णय घेतो, तितके फार कमी खेळांत घ्यावे लागतात. म्हणूनच या मुलांना अर्धवट माहितीवर आयुष्याचा निर्णय घ्यायला लावणाऱ्या मजकुराचा मला राग येतो.

आधी बुघा. त्याचं खरं नाव काइल गियर्सडॉर्फ. त्याने जुलै २०१९मध्ये न्यूयॉर्कला फोर्टनाइट या गेमच्या वर्ल्ड कपची एकेरी स्पर्धा जिंकली, तीस लाख डॉलर मिळवले, हे खरं. पण तेव्हा तो शाळेत शिकत होता. विजेतेपदासाठी त्याने शाळा सोडली नव्हती. गेम बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या म्हणण्यानुसार पात्रता फेऱ्यांत सुमारे ४ कोटी खेळाडू उतरले आणि एकेरीच्या अंतिम फेरीत पोचले १००. फेकरने मात्र २०१३मध्ये शाळा खरोखर सोडली आणि त्याच वर्षी लीग ऑफ लेजंड्स या गेमचं जगज्जेतेपद मिळवलं. पण त्याने ती सोडली एसके टेलिकॉमसारख्या बड्या कंपनीच्या संघात जाण्यासाठी, आणि तेही दक्षिण कोरियात, जिथे ईस्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना २०००पासून आहे आणि पगारी खेळाडू व प्रशिक्षकांची व्यवस्था तेव्हाच रुळलेली होती. आधी संघ मिळाला, मग शाळा सुटली. हा क्रम मजकुरातून गळला आहे.

मान्यतेचं म्हणाल, तर डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ईस्पोर्ट्सना त्यांच्यापासून वेगळं काढलं. हे चांगलं झालं, घरच्यांना ‘हा जुगार नाही’ हे सांगताना कायद्याचा आधार मिळाला. पण मान्यता म्हणजे पगार नव्हे, शिष्यवृत्तीही नव्हे. महाराष्ट्रातल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाच्या भरवशावर कोणी असेल, तर शासन निर्णयातल्या खेळांच्या यादीत आपला खेळ आहे का ते आधी स्वतः वाचावं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. क्रिकेट किंवा कबड्डी कुणाच्या मालकीची नाही. मंडळ भांडलं, लीग बुडाली तरी मैदान राहतं. व्हिडिओ गेमला मालक असतो. त्याने किंवा सरकारने ठरवलं, की मैदानच नाहीसं होतं. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१मध्ये त्याचाच भारतीय अवतार, बीजीएमआय, आला. २८ जुलै २०२२ रोजी तोही अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३च्या अखेरीस परतला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२मध्ये, फ्री फायर हा दुसरा गेमही बंदीत गेला. २०२०मध्ये बारावी झालेल्या आणि पबजी-बीजीएमआय या एका गेमसाठी कॉलेज सोडलेल्या मुलाचा हिशोब मांडा. त्याच्या मित्राची तीन वर्षांची पदवी होईपर्यंत साधारण वीस महिने भारतात त्या गेमच्या अधिकृत स्पर्धा बंद होत्या. त्याचा खेळ कमी पडला नव्हता, चूकही नव्हती.

आशियाई स्पर्धांत काय झालं तेही बघा. २०१८ला जकार्तात भारताच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य मिळवलं, पण तेव्हा ईस्पोर्ट्स फक्त प्रदर्शनीय खेळ होता, पदकतक्त्यात ते धरलं गेलं नाही. २०२३ला हांगझोमध्ये पूर्ण दर्जा मिळाला, सात गेमांची पदकं होती, त्यांत पबजी मोबाइलही होता. आपली पोरं गल्लोगल्ली जो खेळतात, त्यात भारताचा संघच नव्हता. इतर चार गेमांत आपण उतरलो, पदक मिळालं नाही.

बक्षिसांचा हिशोब छोटा आहे. बीजीआयएस या बीजीएमआयच्या मोठ्या भारतीय स्पर्धेची २०२३ची एकूण रक्कम २ कोटी, अंतिम फेरीत १६ संघ. समान वाटली असती तर चौघांच्या संघात माणशी तीन लाखांच्या आसपास, तेही कर आणि ऑर्गचा, म्हणजे संघ चालवणाऱ्या संस्थेचा, वाटा जाण्याआधी. प्रत्यक्षात मोठा भाग वरच्या दोन-तीन संघांना जातो आणि नोंदणी केलेल्या बाकीच्या बहुतेकांना काहीच मिळत नाही. नावाजलेले भारतीय गेमर कमावतात ते मुख्यतः स्ट्रीमिंग, जाहिराती आणि ऑर्गच्या मानधनातून.

बारा तासांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि पालकांनी ते मान्य करायला हवं. वरच्या पातळीवरच्या संघांचे स्क्रिम्स, म्हणजे आपसांतले सराव सामने, दुपारी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालतात, वर जुने सामने बघून चुका शोधणं असतंच. इंजिनिअरिंगची सबमिशन, प्रॅक्टिकल आणि व्हायवा सांभाळून हे निभावणं फार कठीण आहे. मेडिकलसोबत करा, असं मी कुणालाच सांगणार नाही. पण सकाळी सातला भरून दुपारपर्यंत सुटणारी कॉमर्स-आर्ट्सची कॉलेजं आपल्याकडे आहेत, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मूळ अडचण हजेरीच्या ७५ टक्क्यांची असते, आणि ती जूनमध्येच प्राचार्यांशी बोलून सोडवायची असते, डिफॉल्टर यादी लागल्यावर नव्हे. शिवाय बारा तासांनाही किंमत असते. चीनचा उझी हा लीग ऑफ लेजंड्समधल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. त्याने जून २०२०मध्ये, तेविसाव्या वर्षी, टाइप २ मधुमेह आणि हाताच्या दुखण्यामुळे निवृत्ती जाहीर केली. पुढे तो काही काळ परतला, पण शरीराने दिलेला इशारा खराच होता.

‘डिग्री नंतर कधीही’ हे अर्धं खरं आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भागच मुलांच्या कामाचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार यूजीसीने डिसेंबर २०२२मध्ये जो आराखडा दिला, त्यात पहिलं वर्ष आणि त्यासोबतची ठरलेली क्रेडिट्स पूर्ण करून प्रमाणपत्रासह बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. क्रेडिट्स अकॅडेमिक बँकेत जमा राहतात. गेमरला लागते तीच ही सोय आहे. पण ती प्रवेश घेतलेल्यालाच मिळते. बारावीनंतर घरी बसलेल्याच्या खात्यात काही जमा नसतं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: प्रवेश घ्या, पहिलं वर्ष एटीकेटी न ठेवता काढा. ब्रेक घ्यायचा तो हातात रोस्टरमधली (संघाच्या खेळाडूंच्या यादीतली) जागा आणि महिन्याचं लेखी मानधन आल्यावर. आपल्या कॉलेजात परतीचे नियम कसे लागू आहेत, ते विद्यापीठाच्या परिपत्रकातून काढा. ऑर्गच्या करारात मुदत किती, बक्षिसातला वाटा किती, गेम बंद झाला तर मानधन चालू राहणार का आणि सेमिस्टर परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळणार का, हे सहीआधी लिहून घ्या. अठरा पूर्ण नसतील तर आई-वडिलांना सोबत घेतल्याशिवाय कुठेही सही करू नका.