समुद्रातली खुरपणी

आमच्या लातूरकडं हिरवं काही उगवायचं म्हणजे आधी आभाळाची मनधरणी. जूनमध्ये पेरायचं, पावसानं ओढ दिली की जुलैत दुबार पेरायचं, आणि एवढं करून रानात सोयाबीनपेक्षा कुंद्याचं तणच जास्त. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, त्याच शहरात माझ्या हॉलमधल्या चार फुटी काचेच्या टाकीत न पेरता बारमाही हिरवळ आहे. दुबार पेरणीचं संकट नाही, विमा भरायची गरज नाही.

टाकी समुद्राच्या पाण्याची आहे. इथून चार जिल्हे ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही, तेव्हा तो घरीच कालवायचा. लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम क्षार, अडीचशे लिटरला नऊ किलोच्या आसपास. "मग खडेमीठ टाक की, एवढं महागाचं कशाला?" हे आईचं म्हणणं. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे सांगून बघितलं. "भाजीत टाकायचंय का तुला ते?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, थेट वाघाच्या पंगतीला बसलेली, त्यामुळं ती ठेवायचा प्रश्नच नाही. माझ्याकडं आहेत मशरूम, झोआ ही पोवळ्यांची मऊ भावकी, क्लाउनफिशची एक जोडी आणि गोगलगायी. बाकी सगळं शेवाळ.

शेवाळाचं मूळ पाण्यात. आमच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपून येतं, टीडीएस मीटरवर आकडा हजाराच्या घरात. त्यात दगडातली सिलिका आणि वरच्या रानातलं नायट्रेट. म्हणून आरओ लावला, त्याच्यापुढं उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनची नळी. एक बादली शुद्ध पाण्यामागं तीन बादल्या बाहेर. नळाला कधी पाणी येईल याची गल्लीभर चर्चा चाललेल्या गावात मी तीन बादल्या सोडतोय हे कळलं असतं तर मोर्चाच आला असता. म्हणून ते पाणी फरशीला, संडासाला आणि कूलरला. बायको म्हणते, "अहो, मासे मेले तरी चालतील, आरओ बंद करू नका." गोम अशी, की रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि ती मीटरला दिसतही नाही. मीटर शून्य दाखवतो, आणि पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरते. ते डायटम, सिलिकावर पोसणारं बारीक शेवाळ.

तपकिरी गेलं की हिरवं येतं. केसाळ शेवाळ, बोटभर लांब, पंपाच्या लाटेवर डुलणारं. पाहुणे आले की आधी त्याचंच कौतुक. "किती नैसर्गिक वाटतं!" मी हात दंडापर्यंत आत घालून, एका हातात जुना टूथब्रश, दुसऱ्यात सायफनची नळी धरून, ते नैसर्गिक उपटत असतो. घासलं की तुकडे उडतात, उडाले की दुसऱ्या दगडाला धरतात. शेजारच्या खडकावर हिरव्या काचमण्यासारखा एक टपोरा गोळा बसलेला असतो. ती बुडबुडा-शेवाळाची एकच पेशी, द्राक्षाएवढी. फोडायची नाही, अख्खी काढायची, नाहीतर आतलं बियाणं टाकीभर. माझं नख नेमकं त्याच क्षणी लागतं.

गावाकडून काका आले. सोफ्यावर न बसता टाकीपुढं उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हरळी हाय ही," काका म्हणाले. "तू खत काय टाकायलास हिला?"

"काही नाही काका. माशांना खाणं टाकतो फक्त."

"त्येच म्हणायलोय मी."

आणि काकांनी बरोबर नस धरली होती. गोठवलेली कोळंबी टाकली की तिच्यातून फॉस्फेट, माशांच्या विष्ठेतून नायट्रेट. म्हणजे नत्र आणि स्फुरद. ते मी रोज दोन वेळा चिमटीनं देत होतो, आणि "लेकरं उपाशी दिसतात" म्हणून आई तिसऱ्यांदा देत होती. मी काकांना टेस्ट किट दाखवलं. नळीतलं पाणी रंगाच्या पट्टीला लावलं, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. काका हसले. "तणानं खाल्लं की सगळं, पाण्यात कुठून दिसंल?" हे वाक्य मला कुठल्याही जाणकारानं इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं. त्यानंतर मात्र त्यांनी तणनाशक सुचवलं.

मग उपाय सुरू झाले. दिव्यांचा पांढरा आणि लाल रंग कमी करून निळा ठेवला, तोही आठ तास. हॉलमधल्या सगळ्यांचे चेहरे निळे पडले. कोळंबी धुऊन द्यायला लागलो. फॉस्फेट शोषणारी लोहाची भुकटी लावली. टर्बो गोगलगायी आणल्या. त्या खातात खरं, पण अंगानं धिप्पाड. मशरूमला धक्का देऊन पाडतात, स्वतःही उताण्या पडतात आणि मग सरळ होता येत नाही. रात्री दोनला उठून मी गोगलगाय पालथी करून झोपतो. कोणी तीन दिवस पूर्ण अंधार ठेवायला सांगितलं. गल्लीतले म्हणाले, त्याला काय, उन्हाळ्यात आपोआपच होतं. पण या उपायात दिवा जायला हवा आणि पंप चालायला हवा. आमच्याकडं जातं तेव्हा दोन्ही सोबत जातं.

तण खाऊन टाकणारं दुसरं तण लावतात, तेही केलं. मागच्या डब्यात कीटोमॉर्फा, म्हणजे तारेच्या घासणीसारखा हिरवा गुंता, रात्रीच्या दिव्यावर वाढवायचा आणि मूठ मूठ काढून टाकायचा. कॉलर्पा नावाचं समुद्री शेवाळ मात्र नको. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली १९८४ मध्ये त्याचा छोटा पट्टा दिसला होता, पुढं भूमध्य समुद्रात हेक्टरांनी पसरला. आमच्या गटारातून काही निसटलंच तर मांजरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाईल. पण मांजरेला पाणी असायला हवं ना.

आता व्होडका. व्होडकातल्या कार्बनवर पाण्यातले जिवाणू पोसतात, पोसताना नायट्रेट आणि फॉस्फेट खातात, आणि स्किमर, म्हणजे पाण्याला फेस आणून घाण उपसणारं यंत्र, त्यांना फेसासकट बाहेर काढतो. हे शास्त्र पक्कं आहे. प्रश्न असा, की आमचे अण्णा माळकरी आहेत. मी तोंडाला रुमाल बांधून दुकानात गेलो आणि एक क्वार्टर मागितली. सुरुवातीचा डोस अडीचशे लिटरला पाव मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे क्वार्टर वर्षाच्या वर जाते. इतका संयमी गिऱ्हाईक त्या दुकानानं पाहिला नसेल. बाटलीवर "माशांचं औषध" अशी चिठ्ठी लावून ती टाकीखालच्या कपाटात ठेवली. सकाळी अण्णांचा हरिपाठ चालायचा तेव्हा मी इंजेक्शनच्या सिरिंजनं दारू मोजायचो. एकदा त्यांनी बाटली हुंगली, चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "माशांना बी लागली का?"

स्किमरच्या पेल्यात मात्र रोज गडद हिरवा काढा जमायला लागला. त्याचा वास सांगण्यासारखा नाही. "वांग्याला घालू का?" काकांनी फोनवर विचारलं. मिठामुळं वांगी जळतील म्हणून नको म्हणालो, नाहीतर त्यांनी एस.टी.नं कॅन मागवला असता.

शेवाळ गेलं. खरोखर गेलं. खडक लख्ख, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि या खेपेला खाणारं तणही नाही. आठवडाभर मी पाहुण्यांना स्वतःहून बोलावत होतो. मग वाळूवर तपकिरी शेंबूड दिसायला लागला, त्यात बारीक बुडबुडे, रात्री विरळ व्हायचा, दुपारी पुन्हा दाट. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव. पाणी अगदीच निःसत्त्व झालं आणि दुसरं कोणी वाटेकरी उरलं नाही की यांचं फावतं. गोगलगायींनी खाल्लं तर त्याच मरतात. यावर उपाय काय, तर व्होडका बंद करून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट टाकायचं. म्हणजे खत. मुद्दाम. विकत आणून.

काकांना घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलो. पोटॅशियम नायट्रेट म्हटल्यावर दुकानदारानं १३:००:४५ ची पिशवी काढली, शेजारी फॉस्फेटसाठी ००:५२:३४ ठेवलं. सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेली नाहीत ना, हे मी पिशवी फिरवून वाचलं, कारण तांब्याचा अंश गेला की उरल्यासुरल्या गोगलगायी संपल्या.

"पीक कोणतं?" दुकानदारानं विचारलं.

मी काकांकडं बघितलं. "शेवाळ," काका म्हणाले.

"क्षेत्र?"

"चार फूट बाय दीड."

दुकानदारानं पावती करता करता पेन थांबवलं. मला लागणार होतं दोन ग्रॅम, पिशवी होती किलोची. उरलेलं काका सोयाबीनच्या फवारणीला घेऊन गेले, आणि पैसे माझ्याकडूनच घ्यायला लावले.